नदालने विक्रम नेमका कधी मोडला? विजेत्यांच्या एका यादीची गोष्ट



मागच्या काही लेखांमध्ये आपण सिनॉप्सिस, रिसर्च गॅप, साहित्याचा आढावा वगैरे बघत होतो. आज जरा वेगळी वाट धरू. विषय आहे टेनिस, आणि त्यातही फ्रेंच ओपनच्या पुरुष एकेरीच्या विजेत्यांची यादी. तुम्हाला टेनिस कळत नसेल तरी काही अडणार नाही. कारण यादी ही यादीच असते. विजेत्यांची असो, रुग्णांची असो, नाहीतर बेडकांच्या प्रजातींची. पेटची मुलाखत असो की आरआरसी, समोरची मंडळी शेवटी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: "तुमच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही?" तो प्रश्न आज आपण एका जुन्या स्पर्धेला विचारून बघू.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. राफेल नदाल फ्रेंच ओपन सर्वाधिक वेळा जिंकणारा पुरुष खेळाडू कोणत्या वर्षी ठरला?

दोन उत्तरं, दोन्ही बरोबर

पहिलं उत्तर: २०१२. त्या वर्षी पावसामुळे अंतिम सामना रविवारी अर्धवट थांबला आणि सोमवारी पूर्ण झाला. नोव्हाक जोकोविचला हरवून नदालने सातवं विजेतेपद मिळवलं. त्याआधी ब्योन बोर्गच्या नावावर सहा होती (१९७४, १९७५ आणि १९७८ ते १९८१). सात म्हणजे सहापेक्षा जास्त. विषय संपला.

दुसरं उत्तर: २०१४. कारण मॅक्स देक्युजी नावाच्या फ्रेंच खेळाडूने १९०३ ते १९१४ या काळात फ्रान्सचं अजिंक्यपद आठ वेळा जिंकलं होतं. नदालने २०१३ मध्ये त्याची बरोबरी केली आणि २०१४ मध्ये नववं विजेतेपद घेऊन त्याला मागे टाकलं.

दोन्ही उत्तरांत बेरीज चुकलेली नाही. फरक एवढाच, की पहिल्या माणसाने यादी १९२५ पासून सुरू केली आणि दुसऱ्याने १८९१ पासून. आता तुम्ही म्हणाल, मग सरळ १८९१ पासूनच धरा ना, जितका जास्त डेटा तितकं चांगलं! थांबा. नेमकी इथेच गडबड होते.

१८९१ ते १९२४: घरातली स्पर्धा

१८९१ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती एका दिवसात संपली होती. भाग घ्यायला अट होती फ्रान्समधल्या क्लबचं सदस्य असण्याची. गंमत बघा, पहिला विजेता ब्रिग्ज हा ब्रिटिश होता. पण तो पॅरिसमध्ये राहायचा आणि तिथल्या क्लबचा सदस्य होता, म्हणून चाललं. म्हणजे निकष राष्ट्रीयत्वाचा नव्हता, सदस्यत्वाचा होता. आपण घाईत "फक्त फ्रेंच खेळाडूंसाठी" असं लिहून टाकतो, आणि यादीतलं पहिलंच नाव त्या वाक्याला खोटं पाडतं. निकष नेहमी मूळ शब्दांत नोंदवा म्हणतात ते याचसाठी.

या काळात मैदानंही बदलत राहिली. कधी पॅरिसमधला एक क्लब, कधी दुसरा, १९०९ मध्ये तर थेट बोर्दो. आज आपल्या डोक्यात जी "पॅरिसची लाल माती" आहे, ती या काळाला जशीच्या तशी लावता येत नाही. (जाता जाता: ती लाल माती खरं तर माती नाहीच. वर दिसतो तो विटांचा बारीक चुरा, थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. खाली चुनखडीच्या चुऱ्याचा पांढरा थर आणि त्याखाली खडी. नावावरून वस्तू ओळखायची नाही, हाही एक धडाच.)

आता देक्युजीकडे येऊ. त्याचे आठ विजय कसे मोजायचे? नशिबाने इथे तुलना करायला एक सोय आहे. १९१२ पासून पॅरिसजवळ सें-क्लू इथे 'वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप्स' नावाची स्पर्धा सुरू झाली. नाव हार्ड कोर्ट असलं तरी ती क्ले कोर्टवर व्हायची, आणि तिचं दार परदेशी खेळाडूंना उघडं होतं. १९१२ मध्ये ती जर्मनीच्या ओटो फ्रॉइट्झहाइमने जिंकली, १९१३ आणि १९१४ मध्ये न्यूझीलंडच्या अँथनी विल्डिंगने. याच तीन वर्षांत फ्रान्सचा अजिंक्यवीर कोण होता? तिन्ही वेळा देक्युजी.

म्हणजे वर्षं तीच, खेळाडू तोच. बंद दाराच्या स्पर्धेत तीनपैकी तीन, उघड्या दाराच्या स्पर्धेत तीनपैकी शून्य. याचा अर्थ देक्युजी किरकोळ खेळाडू होता असा अजिबात काढू नका. त्याने १९११ मध्ये विम्बल्डनचं पुरुष दुहेरी जिंकलं होतं, १९२० च्या ऑलिंपिकमध्ये सुझान लाँग्लेनसोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं होतं. अर्थ एवढाच, की त्याचे आठ आणि नदालचे आठ हे एकाच मापाचे आठ नाहीत. दोन वेगळ्या एककांतले आकडे आपण एकाखाली एक मांडून वजाबाकी करत होतो.

१९२५: दार उघडलं, पण अर्धंच

१९२५ मध्ये स्पर्धा इतर देशांच्या खेळाडूंसाठी खुली झाली. म्हणून बऱ्याच याद्या इथून सुरू होतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण या बदलाचा परिणाम बघताना तुमची एक परीक्षा आहे. दार उघडल्यावर परदेशी खेळाडू लगेच जिंकायला लागले असतील असं वाटतं ना? तसं झालं नाही. १९२५ ते १९३२ अशी सलग आठ वर्षं फ्रेंच खेळाडूच जिंकले: आंरी कोशे चार वेळा, रेने लाकोस्त तीन वेळा, जाँ बोरोत्रा एकदा. जाक ब्रुन्यों धरून या चौघांना 'मस्केटियर्स' म्हणायचे. आजही पुरुष विजेत्याला जो करंडक देतात तो यांच्याच नावाचा आहे.

या चौघांच्या संघाने १९२७ मध्ये अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप जिंकला. पुढच्या वर्षी तो पॅरिसमध्ये राखायचा, तर तेवढं मोठं स्टेडियम हवं. म्हणून १९२८ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याला नाव दिलं रोलां गारो या वैमानिकाचं. १९१३ मध्ये भूमध्य समुद्र विमानाने पार करणारा हा पहिला माणूस, १९१८ मध्ये युद्धात मारला गेला.

मग १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्डने अंतिम सामन्यात कोशेला हरवलं आणि चित्र पालटलं. १९३३ ते १९३९ या सात वर्षांत एकही फ्रेंच विजेता नाही. त्यानंतर आजपर्यंतच्या अधिकृत यादीत फक्त दोन फ्रेंच नावं सापडतात: १९४६ मध्ये मार्सेल बर्नार आणि १९८३ मध्ये यानिक नोआ. नियम बदलला की आकडे त्याच वर्षी बदलतील असं गृहीत धरू नका. आणि आठ वर्षांनी बदलले, तर सगळं श्रेय किंवा दोष त्या एका नियमालाही देऊ नका. मस्केटियर्सचं वय झालं, हे कारणही तिथेच उभं असतं.

पण दार अर्धंच उघडलं असं मी का म्हणालो? कारण १९२५ नंतरही ही स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होती. ज्याने पैसे घेऊन व्यावसायिक टेनिस खेळायला सुरुवात केली, त्याचं नाव यादीतून कायमचं कटलं.

रोझवॉलची अकरा वर्षं

माझ्या मते या सगळ्या यादीतली सगळ्यात बोलकी जागा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या केन रोझवॉलच्या दोन विजेतेपदांमधली मोकळी जागा. पहिलं विजेतेपद १९५३ मध्ये, वय १८. दुसरं १९६८ मध्ये, वय ३३. नुसती यादी वाचणारा म्हणेल, अरे वा, पंधरा वर्षांनी पुनरागमन! मधे बहुतेक फॉर्म गेला असेल.

फॉर्म कुठेही गेला नव्हता. १९५७ च्या सुरुवातीला तो व्यावसायिक झाला, आणि १९५७ ते १९६७ अशा अकरा स्पर्धांचं दार त्याला बंद झालं. त्या काळात व्यावसायिकांची वेगळी 'फ्रेंच प्रो' स्पर्धा व्हायची. ती रोझवॉलने आठ वेळा जिंकली. त्यातली १९५८, १९६०, १९६१ आणि १९६२ ही चार विजेतेपदं तर याच रोलां गारोच्या लाल कोर्टवरची. स्टेडियम तेच, विटांचा चुरा तोच. फक्त यादी वेगळी.

१९६८ मध्ये फ्रेंच ओपन ही हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही खुली झालेली पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा ठरली. पॅरिसमध्ये तेव्हा विद्यार्थ्यांचं आणि कामगारांचं आंदोलन पेटलेलं होतं, सगळीकडे संप. अशा वातावरणात अंतिम सामना खेळले कोण? रोझवॉल आणि रॉड लेव्हर. म्हणजे इतकी वर्षं ज्यांना बाहेर ठेवलं होतं तेच दोघे. रोझवॉल जिंकला. पुढच्या वर्षी लेव्हर जिंकला, अंतिम सामन्यात रोझवॉललाच हरवून. लेव्हरचीही तीच कथा: १९६२ मध्ये विजेता, मग व्यावसायिक, पाच स्पर्धा बाहेर.

आता नीट लक्ष द्या. यादीतून कोण गहाळ होत होतं? कुणीही सोम्यागोम्या नाही. ज्याला पैसे देऊन बघायला लोक येतील, तोच व्यावसायिक होऊ शकायचा. म्हणजे खेळाडू जितका चांगला, तितकी तो यादीतून नाहीसा होण्याची शक्यता जास्त. फ्रेड पेरी, डॉन बज, टोनी ट्रॅबर्ट, ल्यू होड हे सगळे फ्रेंच विजेते पुढे व्यावसायिक झाले. संख्याशास्त्राच्या भाषेत, माहिती गहाळ होणं योगायोगाचं नव्हतं. ज्या गुणाचं आपण मोजमाप करतोय, त्याच गुणामुळे ती गहाळ होत होती. असा डेटा कितीही वाढवला तरी चूक कमी होत नाही, उलट ती अधिक ठाम दिसायला लागते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी विहिरींच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदींवर काम करत होतो. आलेख काढला तर पातळी दर दशकाला सुधारताना दिसली. मी खूश. दोन रात्री जागून स्लाइड्स केल्या. गाईड मॅडमनी पहिली स्लाइड बघितली आणि विचारलं, "सुरुवातीला विहिरी किती होत्या? शेवटी किती आहेत?" मी मोजलंच नव्हतं. मोजल्यावर कळलं, की जी विहीर कोरडी पडायची तिची नोंदच पुढे बंद व्हायची. यादीत उरल्या होत्या पाणी असलेल्या विहिरी. साहजिकच सरासरी वर जात होती. पाणी आटत होतं आणि माझा आलेख चढत होता. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अरे, यादीतून जे गेले ते का गेले, हे आधी बघायचं असतं."

नंतर कधीतरी रोझवॉलची ती पंधरा वर्षांची मोकळी जागा बघितली तेव्हा मला त्या विहिरीच आठवल्या. विहिरी वाईट होत्या म्हणून गेल्या, रोझवॉल चांगला होता म्हणून गेला. पण यादीच्या पोटात पडलेलं भोक एकाच जातीचं.

१९४१ ते १९४५: खेळले गेले, मोजले गेले नाहीत

आता यादीतला सगळ्यात अवघड भाग. १९३९ नंतर अधिकृत यादीत थेट १९४६ येतं. वाटतं, युद्ध होतं, स्पर्धा झाल्या नसतील. १९४० मध्ये खरंच झाली नाही. पण १९४१ ते १९४५ या पाचही वर्षी रोलां गारोवर 'तूर्नुआ द फ्रान्स' नावाची स्पर्धा झाली. १९४१ आणि १९४२ मध्ये बर्नार देस्त्रेमो जिंकला, पुढची तिन्ही वर्षं इव्हों पेत्रा. हा पेत्रा पुढे १९४६ मध्ये विम्बल्डन जिंकला, म्हणजे खेळाडू अस्सल होता. तरी फ्रेंच टेनिस महासंघ ही विजेतेपदं अधिकृत मानत नाही.

बाहेरचे खेळाडू येऊ शकत नव्हते, म्हणून मोजत नाहीत असं म्हणावं, तर मग १९२४ पर्यंतही बाहेरचे येत नव्हतेच. तरी ती वर्षं कित्येक याद्यांमध्ये आहेत. त्यामुळे "स्पर्धा बंदिस्त होती" एवढ्या निकषावर हा निर्णय उभा राहत नाही. इथे संदर्भ बघावा लागतो. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. खेळांचा कारभार व्हिशी सरकारच्या हातात गेला होता, आणि १९४२ पर्यंत त्याची सूत्रं सांभाळत होता बोरोत्रा, आपल्या चार मस्केटियर्सपैकी एक. पुढे त्यालाच जर्मनांनी पकडून कैदेत टाकलं. आणि हे रोलां गारो स्टेडियम? युद्ध सुरू होताच, जर्मन यायच्याही आधी, फ्रेंच सरकारने 'नकोसे' ठरवलेल्या परदेशी लोकांना तिथे डांबलं होतं. लेखक आर्थर कोस्लर त्यांतलाच एक. त्याने तो अनुभव लिहून ठेवला आहे.

अशा पाच वर्षांचं काय करायचं, हे गणित सांगू शकत नाही. ठेवली तर पेत्राची तीन विजेतेपदं होतात, लाकोस्तइतकीच. वगळली तर शून्य. हा निवाडा आहे, आणि निवाडा माणसांनाच करावा लागतो. संशोधक म्हणून आपलं काम तो लपवायचा नाही, एवढंच. काय वगळलं, का वगळलं, आणि ठेवलं असतं तर निष्कर्ष बदलला असता का, या तीन ओळी प्रबंधात आल्याच पाहिजेत. "डेटा उपलब्ध नाही" आणि "डेटा आहे, पण मी घेतला नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुमच्या व्हायवाला पहिलं म्हणालात आणि परीक्षकाला दुसरं माहीत असलं, तर अवघड आहे!

१९६८ नंतर तरी सगळं स्वच्छ?

पूर्णपणे नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या 'वर्ल्ड टीम टेनिस' लीगशी करार केलेल्या खेळाडूंना फ्रेंच ओपनने मज्जाव केला. त्यात जिमी कॉनर्स अडकला. त्या वर्षी बाकीच्या तिन्ही ग्रँड स्लॅम स्पर्धा त्यानेच जिंकल्या. चौथीत त्याला उतरूच दिलं नाही. फ्रेंच ओपनचा विजेता होता १८ वर्षांचा बोर्ग, त्याचं हे पहिलं विजेतेपद. आणि १९७७ मध्ये याच लीगमुळे खुद्द बोर्ग खेळला नाही, तेव्हा गिलेर्मो विलास जिंकला. कॉनर्स असता तर बोर्ग हरला असता का? सांगता येत नाही, आणि सांगू नये. भोक आहे हे नोंदवायचं. ते आपल्या अंदाजाने बुजवायचं नाही.

मग नदालचं काय?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे. यादी १९२५ पासून धरली तर २०१२, १८९१ पासून धरली तर २०१४. पुढे नदालने २०२२ पर्यंत आकडा १४ वर नेला. त्यामुळे "सर्वाधिक विजेतेपदं कोणाची?" या प्रश्नाचं उत्तर आज तुम्ही यादी कुठूनही सुरू करा, बदलत नाही. संशोधनात अशा निष्कर्षाला फार किंमत आहे. व्याख्या हलवून बघायची, आणि निष्कर्ष हलतो का ते तपासायचं. "कोण?" हे उत्तर टिकलं, "कधी?" हे उत्तर टिकलं नाही. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहायच्या.

दुसरं म्हणजे, शक्य असेल तर असा आकडा शोधा ज्याचा छेद तुम्हाला माहीत आहे. "१४ विजेतेपदं" हा नुसता अंश झाला. नदाल या स्पर्धेत एकूण १९ वेळा उतरला. त्यात १४ वेळा विजेता, चार वेळा पराभूत (२००९, २०१५, २०२१, २०२४), आणि २०१६ मध्ये तिसऱ्या फेरीआधी दुखापतीमुळे माघार. १४ अधिक ४ अधिक १ म्हणजे १९. बेरीज जुळली. सामन्यांचंही बघा. प्रत्येक विजेतेपदाला सात विजय, म्हणजे ९८. उरलेल्या पाच वर्षांचे अनुक्रमे ३, ४, २, ५ आणि ०, म्हणजे १४. एकूण ११२ विजय, ४ पराभव. २०१६ या बेरजेत कुठे बसतं ते पुन्हा बघा: दोन विजय आहेत, पराभव नाही. माघार हा पराभव मोजायचा की नाही, हाही निकषच! अशी उलटतपासणी कागदावर पाच मिनिटांत होते, आणि कित्येक चुका तिथेच सापडतात.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातली एक यादी घ्या. कुठलीही. तिच्यासमोर बसून चार प्रश्न लिहा:

१. ही यादी कधीपासून सुरू होते, आणि तेव्हापासूनच का?
२. आत यायला अट काय होती, आणि ती मधेच कधी बदलली?
३. यादीतून कोण बाहेर गेलं, आणि ते का गेलं?
४. घडूनही न मोजलेलं काही आहे का, आणि ते न मोजण्याचा निर्णय कुणाचा?

सिनॉप्सिस लिहिण्याआधी या चार प्रश्नांना एकेक परिच्छेद द्या. मी दिला असता तर माझे चार महिने वाचले असते.

आणि पुढच्या वेळी फ्रेंच ओपनचा अंतिम सामना बघाल, समालोचक म्हणेल "इतिहासात पहिल्यांदाच", तेव्हा एकच गोष्ट करा. मनातल्या मनात विचारा: कुठल्या इतिहासात? १८९१ च्या, १९२५ च्या, की १९६८ च्या?

भेटू पुढच्या लेखात.